दोन वेळा जेवून आयुष्य वाढतं का?

प्रश्न बराच लांब होता, थोडक्यात सांगतो. विचारणारे गृहस्थ ५८ वर्षांचे, इथं नागपुरात मानेवाड्याला राहतात. सहा वर्षांपासून शुगर, सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. चार महिन्यांपासून दोनच वेळा जेवतात, वजन ८१ वरून ७४ वर आलं. मुलगा पुण्याहून व्हिडिओ पाठवतो: दिवसातून एकदाच खा, ऑटोफॅजी सुरू होते, पेशी धुऊन निघतात, वय उलटं फिरतं. बायको संकष्टी, एकादशी, नवरात्र सगळं करते. तिचं म्हणणं, यात नवीन काय, आमच्याकडे हे पूर्वीपासून आहेच. आणि काटोलजवळच्या गावी ८४ वर्षांची आई, जिनं आयुष्यात घड्याळ पाहून घास घेतला नाही. "सर, यात खरं कोण? एक वेळ करून पाहू का? उपासानं आयुष्य वाढते का जी?"

एक वेळ करू नका. दीर्घायुष्याचं नंतर पाहू, आधी त्या गोळीचं बोलू.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. तुम्ही जेवलात की नाही, आज संकष्टी आहे की लग्नाची पंगत, हे तिला कळत नाही. ८१ किलोच्या आणि चार वेळा खाणाऱ्या माणसासाठी ठरवलेला डोस आज ७४ किलोचा, दोन वेळा खाणारा माणूस घेतोय. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास घाम फुटणं, हात कापणं, उगाच चिडचिड, डोळ्यांसमोर धूसर होणं, यातलं काही होतं का? घरचे म्हणतात, "दोन वेळा जेवायला लागल्यापासून यांचा स्वभाव बिघडला." स्वभाव नाही बिघडला, शुगर ७० च्या खाली गेली. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटून वजनाचे दोन्ही आकडे सांगा. शुगर चांगली येत असेल तर डोस कमी होण्याची, कदाचित ही गोळीच सुटण्याची शक्यता बरीच आहे. ती मेहनत तुमची आहे, तिचं फळ पदरात पडू द्या.

आता कबुली देतो. दवाखाना काढला तेव्हा माझ्याकडे एक पिवळा छापील कागद असायचा. "मधुमेहींनी दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खावं." शेकडो लोकांच्या हातात तो कागद मी ठेवला असेल. दहा वाजता दोन मारी बिस्किटं, चारला मुरमुरा, झोपताना अर्धा कप दूध. हा सल्ला मुळात का निघाला ते फारसं कुणी विचारत नाही, मीही विचारलं नव्हतं. त्या काळातलं इन्सुलिन आणि त्या काळातल्या गोळ्या ठरावीक तासांनी जोरात शुगर उतरवायच्या. त्या वेळी पोटात काहीतरी असलंच पाहिजे, नाहीतर माणूस रस्त्यात पडायचा. म्हणजे खाणं औषधामागं धावत होतं. पुढं औषधं बदलली, पण कागद तसाच राहिला आणि औषधच न घेणाऱ्यांनाही लागू झाला. २०१४ साली प्रागच्या डॉक्टरांनी ५४ मधुमेही घेतले. बारा आठवडे सहा वेळा थोडं थोडं आणि बारा आठवडे दोनच वेळा, दिवसाच्या कॅलरी मात्र सारख्याच. सहा वेळा खाऊन वजन २.३ किलो उतरलं, दोन वेळा खाऊन ३.७ किलो. माझ्या कागदाचं तिथंच विसर्जन झालं.

पण त्या अभ्यासातली एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. ती दोन जेवणं म्हणजे सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण. रात्रीचं जेवण नव्हतंच. आपल्याकडे दोन वेळा म्हणजे दुपारी एक आणि दुकान बंद करून आल्यावर रात्री दहा.

महाराष्ट्रात या विषयाचे दोन पंथ झालेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात कडक भूक लागेल तेव्हा दोनदाच खा, ५५ मिनिटांत संपवा, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकरांच्या बाजूचे थोडं थोडं, घरचं, स्थानिक खा म्हणतात. घराघरात यावरून अबोले झालेले मी पाहिलेत. दोन वेळांची कल्पना आपल्या नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, हे दीक्षित स्वतः सांगतात, त्यामुळे आपल्याकडे त्याला थोडी गावकीची माया पण आहे. मी कुठल्याच पंथाचा नाही. दोन्हीकडचे बरे झालेले पेशंट माझ्याकडे आहेत आणि दोन्हीकडचे बिघडलेलेही.

दोन वेळांनी तुमचं वजन का उतरलं, त्याचा हिशेब करू. पूर्वीचा दिवस आठवा. चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत बिस्किटं, ऑफिसमध्ये कुणीतरी आणलेला चिवडा, पाचला समोसा. साखरेच्याच दीडशे-पावणेदोनशे कॅलरी, दूध वेगळं. समोशाच्या अडीचशे. बिस्किट-चिवडा धरा दीडशे. साडेपाचशे-सहाशे कॅलरी, ज्यांना तुम्ही "जेवण" म्हणतच नव्हता. दोन वेळांच्या नियमानं हे सगळं एका फटक्यात गेलं. तोलायला नको, मोजायला नको, नाही म्हणायला कारण तयार: "डाएट चालू आहे." माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद त्या सोपेपणात आहे. "प्रत्येक खाण्याला इन्सुलिन सुटतं, म्हणून कमी वेळा खा" या सिद्धांतात तेवढी नाही. ब्रिटनमध्ये २०१८ चा मोठा अभ्यास झाला तो तर उलट्या टोकाचा होता. तिथं दिवसभरात आठशे-साडेआठशे कॅलरीच्या पातळ आहाराचे घोटच घोट, उपास नाहीच. तरी वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय काबूत आली, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. म्हणजे लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी गेली पाहिजे, कुठल्या वाटेनं गेली याला फार महत्त्व नाही.

घड्याळ लावून खाण्याचीही थेट परीक्षा झालीय. अमेरिकेत ११६ जणांवर, १२ आठवडे: आठ तासांत खाणारे विरुद्ध रोजच्यासारखं तीनदा खाणारे. वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. चीनमध्ये ग्वांगझू इथं १३९ जाड लोकांवर वर्षभर: कॅलरी दोघांच्या सारख्याच कमी केल्या, एका गटाला वर आठ तासांची चौकट. एकीकडे ८ किलो, दुसरीकडे ६.३, आणि संख्याशास्त्राच्या भाषेत दोन्ही सारखेच. अमेरिकेतल्या अभ्यासात ज्यांचं शरीर मशीनवर मोजलं, त्यांच्यात मला झोप उडवणारी गोष्ट सापडली. जे वजन उतरलं त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग चरबीचा नव्हता, स्नायू वगैरेंचा होता. छोटा गट होता, मान्य. पण हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता मुलाचे व्हिडिओ.

ऑटोफॅजी खोटी नाही. पेशी आपलाच टाकाऊ माल मोडून परत वापरते, आणि त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. पण त्यांनी ते शोधलं यीस्टमध्ये, म्हणजे जे टाकून पाव फुगतो त्या जिवात. त्यातून "सोळाव्या तासाला सुरू, विसाव्याला दुप्पट" हे वेळापत्रक कुणी काढलं देव जाणे. नागपुरातल्या कुठल्याही लॅबमध्ये जाऊन विचारा, माणसाची ऑटोफॅजी मोजायची तपासणी आहे का. रामदासपेठेतली महागातली महाग लॅबही नाहीच म्हणेल. मग व्हिडिओवाल्याला तास कुणी सांगितले?

कमी खाऊन आयुष्य वाढतं याचा पहिला भक्कम पुरावा १९३५ चा. अमेरिकेत मॅके नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांना कमी खाऊ घातलं आणि ते जास्त जगले. तेव्हापासून उंदीरच या शास्त्राचे वारकरी आहेत. पण उंदीर जगतो दोन-तीन वर्षं. त्याला एक दिवस उपाशी ठेवलं तर वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरू शकतं. तुमच्या हिशेबात ते सात किलो, एका दिवसात. त्याचा एक दिवस आणि तुमची एक एकादशी एका तराजूत कशी टाकायची? आणि सगळे उंदीरही एकसारखे नाहीत. २०२४ मध्ये एक सुंदर अभ्यास आला. जाणूनबुजून वेगवेगळ्या वाणाच्या ९६० उंदरांवर केलेला, काहींना २० टक्के कमी, काहींना ४० टक्के कमी, काहींना आठवड्यात एक-दोन दिवस कडकडीत उपास. कमी खाणारे जास्त जगले, बरोबर. पण त्या भुकेल्या गटांतही जास्त कोण जगले? जे कमी खाऊनही अंगानं टिकून राहिले ते. ज्यांचं वजन फार उतरलं ते लवकर गेले. आणि आनुवंशिकतेचा वाटा आहारापेक्षा मोठा निघाला. हा भाग व्हिडिओत येत नाही.

माकडांवर तर दोन प्रयोगशाळांचं भांडणच झालं. विस्कॉन्सिनवाले २००९ मध्ये म्हणाले, कमी खाणारी माकडं जास्त जगली. अमेरिकन सरकारच्या संस्थेनं २०१२ मध्ये सांगितलं, आमच्याकडे काही फरक नाही. नंतर बसून पाहिलं तर विस्कॉन्सिनच्या खाण्यात साखर कितीतरी जास्त होती आणि तिथल्या तुलनेच्या माकडांना हवं तेवढं खाऊ देत होते. थोडक्यात, जास्त गोड, जास्त खाणाऱ्यांच्या मानानं कमी खाणारे जास्त जगले. यात आश्चर्य काय? ते तर आपली आजीही सांगायची. माणसांवर झालेला सगळ्यात नेटका प्रयोग दोनशेच्या वर लोकांचा, दोन वर्षं. २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं, जमलं १२ टक्के. बीपी, कोलेस्टेरॉल, इन्सुलिन सगळं सुधारलं. खुब्याच्या आणि मणक्याच्या हाडांची घनता मात्र कमी झाली. आयुष्य वाढलं का, ते दोन वर्षांत कसं कळणार?

आणि व्हिडिओत दाखवतात ती शंभरी गाठणाऱ्यांची बेटांवरची गावं. जपाननं २०१० मध्ये आपल्या दप्तरातले शतायुषी शोधायला घेतले, तर २ लाख ३० हजारांहून अधिक जण सापडेचनात. कागदावर जिवंत, प्रत्यक्षात पत्ताच नाही. टोकियोतले एक १११ वर्षांचे आजोबा तर खोलीत तीस वर्षांपूर्वीच वारलेले निघाले, पेन्शन चालू होती. आपण हसायचं कारण नाही. तुमच्या आईंचं वय ८४ कशावरून? आपल्या गावांत त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना काहीतरी लिहायचं होतं. मी स्वतः १ जूनचा आहे. आई म्हणायची, तू पोळ्याच्या आसपासचा.

बायकोचा मुद्दा मात्र मी वाऱ्यावर सोडणार नाही. आपल्या उपासाची परंपरा आहे, पण आज ताटात जे येतं ते परंपरेचं किती आणि दुकानाचं किती? एकदा आषाढीला मी स्वयंपाकघरात काटा घेऊन बसलो. घरच्यांनी बरंच ऐकवलं, पण बसलो. एका माणसाची साबुदाण्याची उसळ (आपण नागपूरकर खिचडीला उसळ म्हणतो): कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचा कूट ३०, बटाटा ५०, तूप दोन चमचे. साबुदाण्याच्या साधारण २६० कॅलरी आणि प्रथिनं जवळपास शून्य. कुटाच्या १७०, त्यातच काय ती सात-आठ ग्रॅम प्रथिनं. तूप ९०, बटाटा ४०. एकूण साडेपाचशेच्या वर. आणि कोण एकदाच घेतो? वर दही, दुपारी वेफर्स, रात्री शिंगाड्याचा शिरा. रोजचं ताट, म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, अर्धी वाटी भात, पाचशेच्या आसपासच असतं. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण काटा नसताना निघाली, हे विशेष.

साबुदाणा शुगर किती चढवतो ते पाहायचंय तर खाल्ल्यावर दीड-दोन तासांनी मीटर लावा, मग मला काही सांगावं लागणार नाही. उपासच करायचा तर भगर आणि आमटी, राजगिरा, दही, ताक, दाणे मूठभर. भगरीचं पीठ मात्र सुटं, जुनं घेऊ नका. नवरात्रात बुरशी लागलेल्या भगरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात नेमानं येतात. घरी निवडून, घरीच दळा.

निर्जळीच्या बाबतीत मी कडक आहे. निर्जला एकादशी येते ज्येष्ठात, म्हणजे नागपुरात नेमकी कूलरसुद्धा गरम हवा फेकतो तेव्हा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किडनी थोडी कमजोर असेल, तर ४४-४५ डिग्रीत पाण्याशिवाय दिवस काढणं म्हणजे किडनीशी जुगार. आणि विदर्भात सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे, हे पुण्या-मुंबईच्या आहारतज्ज्ञांच्या डोक्यातच नसतं. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडची पोरं इथं कॉलेजला येतात, होस्टेलला व्हिडिओ पाहून पाणी न पिता "ड्राय फास्टिंग" करतात. सिकलसेलचा आजार असणाऱ्याला अंगातलं पाणी कमी होणं म्हणजे वेदनेच्या झटक्याला आमंत्रण. त्यांच्यात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या शुगरचा एचबीएवनसी हा आकडाही फसवा, खोटा कमी येऊ शकतो.

आणखी एक. शुगरच्या नव्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं, त्या लघवीवाटे साखर काढतात. हृदयाला, किडनीला चांगल्या आहेत, पेटंट संपल्यावर स्वस्तही झाल्या, मी भरपूर लिहितो. पण यांच्यासोबत लांब उपास नको. काही वर्षांपूर्वी ४९ वर्षांच्या एक बाई आल्या. नवरात्राचा पाचवा दिवस, नऊ दिवस फक्त ताक आणि एखादं फळ असा नेम. दोन दिवस उलट्या. आदल्या रात्री एका ठिकाणी शुगर १८६ पाहून ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं. १८६ ला कोण घाबरतं? पण बाईंचा श्वास मला दारातूनच दिसला. खोल, लांब, जिना चढून आल्यासारखा, आणि त्या तर स्ट्रेचरवर झोपलेल्या. लघवीत कीटोन (चरबी जळून तयार होणारं आम्ल) भरभरून. रक्त आंबट झालं होतं, शुगर मात्र सभ्य. तीन दिवस आयसीयूत काढून घरी गेल्या. जाताना म्हणाल्या, "गोळी घेऊन राहिली होती ना जी मी, उपासात पण चुकवली नाही." तीच तर अडचण होती. म्हणून माझ्या ओपीडीत श्रावण लागायच्या आधी मी प्रत्येकाला विचारतो, कोणते उपास करता? रमजानच्या आधी मोमीनपुऱ्यातल्या माझ्या पेशंटना सेहरी-इफ्तारीच्या वेळा विचारून गोळ्या हलवतो, अगदी तसंच. उपास सोडायला मी कुणालाच सांगत नाही, गोळ्यांची वेळ मात्र मला ठरवू द्या.

तो स्नायूंचा मुद्दा आता घेऊ, कारण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं ते आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो जगभर गाजला, २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेला. शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी? यडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. आपण दिसतो सडपातळ, आत तूप जास्त आणि स्नायू कमी. अशा शरीरातून उपासानं सात किलो काढले तर त्यात किमान पाव हिस्सा स्नायूंचा गेलाय असं समजून चाला. पाश्चात्त्य माणसाकडे शिल्लक असते, आपल्याकडे आधीच उधारी. साठीनंतर माणूस शुगरनं लगेच मरत नाही, बाथरूममध्ये पडून खुबा मोडतो आणि मग अंथरुणाला खिळून जातो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता वजनकाट्यापेक्षा माणूस खुर्चीतून कसा उठतो ते आधी पाहतो. हात टेकून उठला की वहीत खूण करतो.

तुम्ही घरी करा. जमिनीवर मांडी घालून बसा, हात-गुडघा न टेकता उठून दाखवा. जवळ कुणीतरी असू द्या. एक वेळ खाणं नको म्हणालो त्याचं दुसरं कारण इथंच आहे. ७४ किलोच्या माणसाला दिवसाला सत्तरेक ग्रॅम प्रथिनं हवीत (किडनीची क्रिएटिनिन ही रक्ततपासणी नॉर्मल असेल तर, ती एकदा करून घ्या). वाटीभर घट्ट वरणात सहा ग्रॅम. एका बैठकीत बारा वाट्या वरण प्याल का? दोन वेळांत बसवता येतं, पण बसवावं लागतं. जेवणात दोन अंडी किंवा पाऊणशे ग्रॅम पनीर, सोबत दाट वरण, वाटीभर दही, मूठभर फुटाणे किंवा दाणे. आणि सोयाबीन वडी: ५० ग्रॅम कोरड्या वडीत २५ ग्रॅम प्रथिनं. मला नेहमी गंमत वाटते, आपल्या विदर्भात नजर जाईल तिथवर सोयाबीन, सगळं तेलाच्या गिरणीत जातं, आणि शेतकऱ्याच्या पोराच्या डब्यात पोळी-बटाटा. सावजी मसाल्याच्या रश्श्यात वडी टाका, तेल निम्मं करून. चालण्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. चालण्यानं शुगर उतरते, दंडा-मांडीत ताकद येत नाही.

आईंना या सगळ्यातून वगळा. आमच्याकडे हल्ली मुलं आई-वडिलांनाही "रात्रीचं जेवण सोड" म्हणतात. ऐंशीच्या पुढं वजन आपोआप उतरत असेल तर ती बातमी वाईट असते. दवाखान्यात म्हाताऱ्या बाया आल्या की मी पाटल्यांकडे पाहतो. मनगटावर घट्ट बसणाऱ्या पाटल्या कोपराकडे सरकायला लागल्या की काटा नंतर लावला तरी चालतो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पाहा. सकाळच्या चहासोबत टोस्टऐवजी उकडलेलं अंडं किंवा दुधात कालवलेलं सातूचं पीठ द्या, एवढंच. जास्त खाऊन आजार टळतो याचा पुरावाही आपल्याच देशात आहे. झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना चांगलं रेशन दिलं, तर त्यांच्यात नवा टीबी ३९ टक्के कमी झाला, थुंकीत जंतू सापडलेला टीबी ४८ टक्के. हा अभ्यास २०२३ चा, आपल्या भारतीय डॉक्टरांचा.

तुम्ही न विचारलेला प्रश्न मी विचारतो, कारण तुमच्या पत्रात "दिवसाला तीन पुड्या, जास्त नाही" असं अर्ध्या ओळीत येऊन गेलं. खर्रा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा केला तेव्हा कळलं, सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. चाळिशीत सोडली तर त्यातली नऊ परत मिळतात, पन्नाशीत सहा, साठीत तीन. तीन वर्षं! कुठल्याही उपासाच्या नावावर इतका मोठा आकडा माणसांत अजून कुणी दाखवलेला नाही. खर्रा ओढत नाहीत, चघळतात, म्हणून हिशेब जरा वेगळा, पण तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र गालात दाबला की तोंड उघडणं कमी होत जातं. आरशासमोर उभं राहून तीन बोटं उभी तोंडात घाला. जात नसतील तर उद्याच तोंडाच्या डॉक्टरांकडे. सोळा तास अन्न नाही पण खर्रा चालू, असे "इंटरमिटंट फास्टिंग" करणारे माझ्याकडे निदान डझनभर आहेत. पानठेल्यावर उभं राहून कुणी विचारलं तर म्हणतात, काहून, यात कॅलरी थोडीच हाय.

दुसरं बीपी. त्याबद्दल फार लिहीत नाही, मोजा आणि गोळी घ्या. मिठाचं एक सांगतो: चीनच्या ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेलं मीठ वापरून पाहिलं. पक्षाघात १४ टक्के कमी, मृत्यू १२ टक्के कमी. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते मीठ चालत नाही, म्हणून विचारून घ्या. पापड, लोणचं आणि रात्रीचा रस्सा कमी करायला मात्र कुणाला विचारायला नको.

मग तुमचं काय? दोन वेळा जमतंय तर चालू ठेवा, मला त्यात वाईट दिसत नाही. फक्त एक आणि दहा ऐवजी सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा-सात करून पाहा. अमेरिकेत आठ प्रीडायबेटिक (मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या) पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनच्या आत सगळं खाणं संपवायला लावलं, तर वजन न घटताही इन्सुलिनचं काम सुधारलं. आठच माणसं, म्हणून मी त्यावर पैज लावणार नाही, पण दिशा पटते. वजन ७२ च्या खाली जाऊ लागलं तर थांबा आणि कमरेचा टेप लावा. नव्वद सेंटीमीटरच्या आत आली असेल तर वजन उतरवणं बंद, ताकद वाढवणं सुरू.

येत्या संकष्टीला बायकोसोबत चंद्रोदयापर्यंत थांबायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची ग्लिमेपिराइड ठरवून घ्या. साडेसातला गच्चीवर जाण्याआधी मीटर लावा. ७० च्या खाली असेल तर चंद्राची वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा.